बेळगुंदीचा कट्टा आणि उद्याची मॅच

गेल्या जुलैत शनिवार-रविवारला दोन दिवसांची रजा जोडून गावी गेलो होतो. बेंगळुरूहून रात्रीची गाडी, सकाळी बेळगाव, तिथून मध्यवर्ती बसस्थानक आणि मग आपली नेहमीची लाल बस. पाटी कन्नडमध्ये, प्रवासी मराठीत विचारणार, कंडक्टर कन्नडमध्ये सांगणार, आणि तिकीट बरोबर बेळगुंदीचेच मिळणार. या व्यवहारात कोणाचा कधी घोटाळा झालेला मी पाहिलेला नाही.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेळगुंदी बेळगावच्या पश्चिमेला, साधारण बारा-चौदा किलोमीटरवर, राकसकोपच्या वाटेला. गणेशपूर सोडले की शहर संपते, रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना लाल माती, काजू, आंबा, भाताचे खाचर. पुढे मार्कंडेय नदीवर राकसकोपचे धरण, ज्याचे पाणी बेळगावकर गेली साठ-एक वर्षे पितात. धरण भरल्याची खूण २४७५ फूट. पावसाळ्यात आमच्याकडे लोक एकमेकांची खुशाली विचारण्याआधी 'राकसकोप किती झालं?' हे विचारतात. मी बसमधून उतरलो तेव्हाही पहिला प्रश्न तोच असेल असे वाटले होते. पण कट्ट्यावर बसलेल्या आण्णांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, बॅग खाली ठेवायच्या आधीच विचारले, "उद्या ऱ्हाणार हाईस न्हवं? मॅच हाय."

मला वाटले क्रिकेट. तर म्हणे फुटबॉल. शाळेच्या पोरांची. फादर एडी स्पर्धेची सेमी फायनल.

बाहेरच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण बेळगाव हे फुटबॉलचे गाव आहे. कारण सोपे आहे. इंग्रजांनी इथे छावणी वसवली, आणि जिथे छावणी तिथे फुटबॉल, हे सगळ्या देशात दिसते. सिमल्याला १८८८ मध्ये सुरू झालेला ड्युरंड कपही मुळात लष्कराचाच. बेळगावात कॅम्प आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि १८५६ पासून कॅम्पात सेंट पॉल्स ही मिशनची शाळा आहे. फौजी आणि पाद्री या दोघांनी मिळून इथल्या पोरांना चेंडूला लाथ मारायला शिकवले, असे म्हणायला हरकत नाही. सेंट पॉल्सच्या माजी विद्यार्थ्यांना पोलाइट्स म्हणतात. ते दरवर्षी शाळेच्याच मैदानावर फादर एडी यांच्या स्मृतीसाठी शाळांची स्पर्धा भरवतात. ती भर पावसाळ्यात असते. ज्याने ही वेळ ठरवली त्याला एक तर फुटबॉल फार आवडत असावा किंवा चिखल.

आता यात बेळगुंदीचा काय संबंध? तर माझ्या चुलतभावाचा, दादाचा, मुलगा नववीत आहे आणि शहरातल्या एका मराठी शाळेच्या टीममध्ये आहे. रोज सकाळची बस धरून जातो, संध्याकाळी सराव संपवून शेवटच्या आधीच्या बसने येतो. त्याच्या टीममधली पाच-सहा पोरे अशीच पश्चिम भागातल्या खेड्यांतली आहेत. समोरची टीम इंग्रजी माध्यमाची, शहरातली. दोन्ही शाळांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या संध्याकाळी कट्ट्यावर जे जे बोलले गेले ते छापण्यासारखे नव्हते आणि माझे मित्र दोन्हीकडे आहेत.

संध्याकाळी जेवायच्या आधी देवळाजवळच्या कट्ट्यावर गेलो. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलत होते. शेजारच्या टपरीतून मिरची भजी येत होती. आण्णा, एक निवृत्त सुभेदार, एक निवृत्त मास्तर, कॉलेजची तीन-चार पोरे आणि मधूनमधून डोकावणारा टपरीवाला. विषय एकच.

सुभेदारांचे म्हणणे स्पष्ट होते. चिखलात पासिंग चालत नाही. चेंडू पाण्यात थांबतो. त्यामुळे शहरातल्या टीमचे ते छोटे छोटे पास उद्या कामाचे नाहीत, उद्या लांब लाथ मारणारा जिंकणार. "आमची पोरं जन्मापासनं चिखलातच हाईत," ते म्हणाले. "त्यास्नी कोण शिकवाय नको."

आण्णा कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत वीस वर्षे होते. त्यामुळे फुटबॉल म्हटले की त्यांना शाहू स्टेडियमच दिसते. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार ही नावे ते घरातल्या माणसांसारखी घेतात. कोल्हापुरात पेठेपेठेची टीम असते, मॅचच्या आधी आठवडाभर गल्लीत बोलणे बंद होते, हे त्यांनी मला लहानपणापासून ऐकवले आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला आणि भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा आण्णांनी पेढे वाटले होते. जणू मुलगा आमच्याच भावकीतला. त्यांचा मुद्दा असा होता की लांब लाथ मारून मॅच जिंकता येत नाही, मधला हाफ पाहिजे, आणि आमच्या टीमला मधला हाफ नाही.

"हाफ न्हाई कसा? तो उचगावचं पोरगं हाय की."

"त्ये पळतंय चांगलं. बघतंय कुटं?"

मास्तर वेगळ्याच काळजीत होते. मॅच बरोबरीत सुटली तर टायब्रेकर, आणि टायब्रेकरमध्ये गोली महत्त्वाचा. आमचा गोली उंचीने कमी. मास्तरांनी गणिताच्या तासाला शोभेल अशा पद्धतीने गोलपोस्टची रुंदी, मुलाची उंची, हाताची लांबी असा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की पाचपैकी चार तरी जाणारच. मी इंजिनिअर असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले की हिशेब बरोबर आहे, पण मारणारा पोरगाही नववी-दहावीचाच असतो, तोही घाबरतो. हे माझे त्या संध्याकाळचे एकमेव योगदान. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

कॉलेजच्या पोरांकडे पुरावा होता. एकाने मोबाइलवर समोरच्या टीमच्या मागच्या मॅचचा व्हिडिओ दाखवला. पावसात भिजलेल्या कॅमेऱ्यातून काढलेला, हलणारा, पण त्यात त्यांचा दहा नंबरचा मुलगा तिघांना चकवून गोल करताना दिसत होता. कट्टा मिनिटभर गप्प झाला. मग सुभेदार म्हणाले, "हे कोरड्यात हाय." पोरगा म्हणाला, "सुभेदार, पाऊस दिसतोय की त्यात." सुभेदार म्हणाले, "ह्यो पाऊस न्हवं."

आमच्या ऑफिसात रात्री बारा वाजता मोठे रिलीज जाणार असते तेव्हा आम्ही अशीच बैठक घेतो. काय बिघडू शकेल, बिघडले तर कोण काय करणार. पण इतक्या तळमळीने नाही. इथे पाच-सहा माणसे, ज्यांतल्या एकानेही ती टीम पूर्ण पाहिलेली नाही, ती अकरा पोरांच्या जागा तासभर बदलत होती. बूट कोणाचे चांगले, मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी साचते, टॉस जिंकला तर कुठली बाजू घ्यावी, रेफरी कोण असेल. सुब्रतो कपपर्यंत विषय गेला. शाळांची ही देशपातळीवरची स्पर्धा १९६० पासून दिल्लीत होते, आणि तिथे आपली पोरे का जात नाहीत, यावर सगळ्यांचे एकमत झाले की याला कारण दुसरेच कोणीतरी आहे.

या सगळ्यात एक माणूस कट्ट्यावर नव्हता. दादा.

तो शेतातून आला तेव्हा अंधार पडला होता. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय पोटरीपर्यंत लाल. पाय धुऊन आत आला आणि वहिनीला म्हणाला, "उद्या वेल लावून टाकायचे. माणसं मिळाल्यात."

रताळी हे आमच्या भागाचे नगदी पीक. जुलैत पाऊस जरा बसला की माळाच्या तांबड्या जमिनीत सरी-वरंबे ओढायचे आणि वरंब्यावर वेलाचे तुकडे लावायचे. साधारण चार महिन्यांत काढणी. मग गाडी बेळगावच्या मार्केट यार्डात, आणि तिथून मुंबई-पुणे-दिल्लीपर्यंत. तुम्ही उपवासाला जे रताळे खाता ते कदाचित आमच्या माळावरचे असते. लावणीचे दोन-तीन दिवस चुकले तर पुढे सगळेच चुकते, आणि लावणीला माणसे मिळणे हे आता लॉटरी लागण्यासारखे झाले आहे. निम्मी तरणी पोरे उद्यमबागच्या कारखान्यात, बाकीची माझ्यासारखी बाहेर. त्यामुळे माणसे मिळाली म्हणजे घरातले प्रत्येक हातपाय शेतात पाहिजेत. पोराचेसुद्धा.

पोरगा कोपऱ्यात बूट पुसत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. मी दहावीत असताना याच स्पर्धेत आमच्या शाळेची टीम पुढे गेली होती. मी राखीव होतो. राखीव म्हणजे बॅग सांभाळणारा. मॅचच्या दिवशी आमच्याकडे लावण होती. वडिलांनी मला नको म्हटले नव्हते, फक्त एवढेच विचारले होते, "तू खेळणार हाईस काय?" मी खरे सांगितले, की बहुतेक नाही. मग म्हणाले, "मग बघ." मी शेतात गेलो. दुपारी दोन वाजता पाऊस थांबला तेव्हा वरंब्यावर वाकलेला मी, मैदानात आता काय चालले असेल, याचा विचार करत होतो. आमची टीम हरली. नंतर कळले की एकाचा पाय मुरगळला होता आणि सरांनी बाकाकडे पाहिले होते. पुढे मी बेळगावातच बीई केले, नोकरी लागली, वडील गेले. त्या दिवसाबद्दल मी त्यांना कधी काही बोललो नाही आणि मला त्यांचा रागही नाही. शेत होते म्हणून माझी फी भरली गेली. पण सरांनी बाकाकडे पाहिले, हे वाक्य माझ्या डोक्यातून वीस वर्षांत गेलेले नाही.

जेवताना मी दादाला म्हणालो की उद्या त्याच्याऐवजी मी येतो शेतात. दादा हसला. "तू? कंबर धरंल तुझी. खुर्चीवरचा माणूस तू."

"अर्धा दिवस तर करीन."

"अर्ध्या दिवसात तू लावलेले वेल मला परत लावाय लागतील."

वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मॅच बघाय जावा. ह्यांचं मी बघते." दादा काही बोलला नाही. पोरगा भाकरी मोडत होता पण खात नव्हता. थोड्या वेळाने दादाने त्याला विचारले, "तू खेळणार हाईस काय?"

माझा घास थांबला. तेच शब्द. दादाला ते माहीत असायचे कारण नाही, आमच्या घरात प्रश्न असेच विचारतात एवढेच.

पोरगा म्हणाला, "सर सांगतील तसं."

"म्हणजे राखीव."

"हं."

दादा उठला, हात धुतला, ओसरीवर जाऊन पावसाकडे पाहत उभा राहिला. मग आतल्या अंगाला न वळताच म्हणाला, "सातच्या गाडीनं जा. बूट पिशवीत घाल, पायात घालून चिखलातनं जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी सातच्या बसमध्ये आम्ही नऊ जण होतो. आण्णा, सुभेदार, मास्तर, कॉलेजची पोरे. सुभेदारांनी छत्री आणि रेनकोट दोन्ही घेतले होते. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाचा विषय वाटेत निघाला, कारण आण्णांना बस कॅम्पाकडे वळली की तो आठवतोच. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झाले, गोळीबार झाला, त्यात आमच्या बेळगुंदीतली माणसेही गेली. दर १ जूनला हिंडलग्याला लोक जमतात. आण्णा तेव्हा तरुण होते. ते हे सगळे पोराला सांगत होते आणि पोरगा खिडकीतून बाहेर बघत हं हं करत होता. त्याचे लक्ष आज तिकडे नव्हते आणि आण्णांनीही ओढून आणले नाही. आमच्या गावात दर वर्षी थंडीत मराठी साहित्य संमेलन भरते, तसेच ते कडोली, उचगाव, येळ्ळूरलाही भरते. भाषेची काळजी आमच्याकडे अशी हवेतच असते. पण गंमत मैदानावर कळली.

मैदानावर दोन्हीकडची पोरे जी भाषा बोलत होती तिला काय नाव द्यावे मला कळेना. "मॅन ऑन, मॅन ऑन!", "अरे मागं बघ!", "पास कोडो!", "छोड दे, मैं लेता!" एकाच हल्ल्यात चार भाषा. आमच्या टीमचा कॅप्टन मराठी शाळेतला, पण डावीकडच्या बॅकला तो कन्नडमध्येच हाका मारत होता, आणि समोरच्या इंग्रजी शाळेचा तो दहा नंबर, ज्याच्या व्हिडिओने आमचा कट्टा गप्प केला होता, पडल्यावर अगदी आमच्यासारखाच "आई गं" म्हणाला. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले. "आपलंच हाय की रं त्ये," ते म्हणाले, थोडे नाराज होऊन.

मॅचचे वर्णन फार करत नाही. सुभेदारांचा चिखलाचा सिद्धांत पहिल्या हाफपुरता खरा ठरला. चेंडू पाण्यात थांबत होता आणि पासिंग जमत नव्हते. आण्णांचा मधल्या हाफचा सिद्धांतही खरा होता, उचगावचा पोरगा खूप पळाला आणि त्याला काही दिसले नाही. हाफ टाइमला शून्य-शून्य. आमचा पोरगा बाकावर, ट्रॅक सूट घालून, गुडघे हलवत.

दुसरा हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, मागून खांद्यावर हात पडला. दादा. खोळ तशीच डोक्यावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात चपला आणि पायावर माळाची तांबडी माती. कोणाच्या तरी मोटरसायकलवरून आला होता.

"लावण?"

"निम्मी झाली. बाकीची माणसं उद्या येतो म्हणाल्यात." येतील की नाही ते त्यालाही माहीत नव्हते. "किती झालं?"

"शून्य-शून्य."

"आमचं?"

मी बाकाकडे बोट दाखवले. तो खाली वाकून, दोन डोक्यांमधून बघत राहिला. पोराने त्याला पाहिले की नाही मला सांगता येणार नाही. पाहिले असावे, कारण त्याचे गुडघे हलायचे थांबले.

गोल त्यांनी केला. कोपऱ्यातल्या पाण्यात चेंडू अडकला, आमचा बॅक घसरला आणि दहा नंबरने ढकलून दिला. ज्या कोपऱ्याबद्दल आदल्या रात्री तासभर चर्चा झाली होती तोच कोपरा. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आता टायब्रेकरचा हिशेब उपयोगाचा नव्हता. मग शेवटची आठ-दहा मिनिटे राहिली तेव्हा आमच्या सरांनी बाकाकडे पाहिले आणि पोराला हात केला.

तो उतरला. चेंडू त्याच्याकडे चार वेळा आला. दोनदा त्याने गमावला, एकदा चांगला पुढे दिला, आणि एकदा उजवीकडून आत येऊन मारला तो गोलीच्या हातात गेला. बस, एवढेच. आम्ही एक-शून्यने हरलो. दादा पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही, फक्त शेवटची शिट्टी झाल्यावर म्हणाला, "आत येऊन मारला की त्येनं." मग परत एकदा म्हणाला, "डाव्या पायानं."

परतीच्या बसमध्ये दादा आमच्याबरोबर होता. पोरगा त्याच्या खांद्याला डोके लावून झोपला, ओल्या बुटांची पिशवी दोघांच्या पायात. गणेशपूर येईपर्यंत कोणी बोलले नाही. मग आण्णा म्हणाले की पुढच्या वर्षी हे पोरगं दहावीत, पण त्याला मधल्या हाफला खेळवायला पाहिजे, कारण ते बघतंय. सुभेदार म्हणाले, छे, फॉरवर्डच. मास्तर म्हणाले, दहावीचे वर्ष आहे, अभ्यासाचे काय. कॉलेजचा पोरगा म्हणाला, त्यांचा दहा नंबर पुढच्या वर्षी शाळेतून बाहेर पडणार, मी विचारून आलोय. हे ऐकून बसमध्ये जीव आला.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले राकसकोप किती झालं. दादा म्हणाला, भरत आलंय, आणि मग मला म्हणाला, "उद्या माणसं न्हाई आली तर तू येशील काय?"

मी परतीचे तिकीट एक दिवस पुढे ढकलले. लावलेले वेल त्याला परत लावावे लागले का, ते मी अजून विचारलेले नाही.